मेदवेदेव या आडनावातला मध

टेनिस बघणाऱ्यांना दानील मेदवेदेव माहीत असतो, राजकारण वाचणाऱ्यांना रशियाचे माजी राष्ट्राध्यक्ष दिमित्री मेदवेदेव. आडनावाचा अर्थ 'अस्वलाचा'. म्हणजे आपल्याकडच्या कोल्हे, लांडगे यांच्या पंगतीतलंच. रशियन भाषेत अस्वलाला 'मेदवेद' म्हणतात, आणि त्यावरून समाजमाध्यमांवर अधूनमधून एक गोष्ट फिरते. उत्तर युरोपातल्या माणसांना अस्वलाची एवढी दहशत होती की त्याचं खरं नाव उच्चारायलाच ते घाबरत. नाव न घेता 'मध खाणारा' म्हणत. पुढे खरं नाव कायमचं विसरलं गेलं. खाली कुणीतरी लिहितं, 'अहो, हे तर संस्कृतच!' आणि दुसरं कुणीतरी विचारतं, 'हे सगळं बघायला तिथे होतं कोण?'

माझं मत आधीच सांगून टाकतो. 'मध खाणारा' हा अर्थ जवळपास पक्का आहे. संस्कृतातून शब्द गेला हे चूक आहे. आणि भीतीची गोष्ट पटण्याजोगी आहे, पण ती अनुमान आहे. तीन वेगवेगळ्या वजनाचे दावे एकाच दमात सांगितले जातात, सगळा घोळ तिथे होतो.

## कुठल्या भाषा, कुठलं अस्वल

रशियन, युक्रेनियन, पोलिश, चेक, सर्बियन, क्रोएशियन, स्लोव्हेन, बल्गेरियन या स्लाव्हिक भाषा. त्यांच्या शेजारच्या बाल्टिक गटातल्या दोनच भाषा आज बोलल्या जातात, लिथुएनियन आणि लाटव्हियन. तिसरी, प्रशियन, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला संपली. तिचं नाव तेवढं पुढे एका जर्मन राज्याने वापरलं. हे दोन गट एकमेकांच्या इतके जवळ आहेत की त्यांचा काही काळ एकत्र गेला असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांच्याही मागे जी भाषा होती, जिच्यातून संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्याही शाखा फुटल्या, तिला आद्य इंडो-युरोपीय म्हणतात.

आता अस्वलं रांगेत उभी करू. रशियन मेदवेद, सर्बियन आणि स्लोव्हेन मेदवेद, क्रोएशियन मेदव्येद, चेक मेदव्येद, पोलिश न्येद्झव्येद्झ, युक्रेनियन वेदमीद. पोलिशमध्ये सुरुवातीच्या 'म'चा 'न' झालाय. जुन्या पोलिशमध्ये 'म'च होता. चेक फुटबॉलपटू पावेल नेदव्येदच्या आडनावातही हाच 'न' आहे. युक्रेनियन लोकांनी तर 'म' आणि 'व' यांच्या जागांची अदलाबदलच करून टाकली. तरीही शब्द एकच आहे हे कुणालाही दिसेल.

यातून मागे जाऊन जुनं रूप काढणं, यालाच पुनर्रचना म्हणतात. असं रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नसतं, ते हिशेबाने काढलेलं असतं. म्हणून त्याच्या आधी एक चांदणी काढतात: *मेद्वेदि. ही चांदणी रूढ केली ती एकोणिसाव्या शतकातल्या आउगुस्ट श्लायखर या जर्मन अभ्यासकाने. लिथुएनियन शेतकऱ्यांमध्ये राहून तो त्यांची भाषा शिकला होता आणि तिचं व्याकरणही त्याने लिहिलं. हिशेबाची गरज पडते कारण या भाषा फार उशिरा लिहिल्या गेल्या. स्लाव्हिक लेखन नवव्या शतकात सुरू झालं, आणि पहिलं छापील लिथुएनियन पुस्तक १५४७ सालचं.

## शाळेतला यण् संधी

*मेद्वेदि फोडला की दोन तुकडे मिळतात. पहिला 'मेदु', म्हणजे मध. लिथुएनियन आणि लाटव्हियनमध्ये आजही मधाला 'मेदुस' म्हणतात. दुसरा 'एद्', म्हणजे खाणे. रशियनमध्ये अन्नाला 'येदा' म्हणतात, लिथुएनियनमध्ये जनावराच्या खाण्याला 'एस्ति'.

मग मधला 'व' कुठून आला? सु + आगत = स्वागत, मनु + अंतर = मन्वंतर. 'उ'च्या पुढे वेगळा स्वर आला की 'उ'चा 'व' होतो, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. मेदु + एद् = मेद्वेद्. इथेही तेच झालंय. ही काही खास संस्कृतची मालमत्ता नाही. 'उ' आणि 'व' म्हणताना ओठ सारखेच गोल होत असतील तर कुठल्याही भाषेत हे होऊ शकतं.

ऋग्वेदात पहिल्या मंडलातल्या १६४व्या सूक्तात एका झाडावर बसलेल्या पक्ष्यांना 'मध्वदः' म्हटलंय, म्हणजे मध खाणारे. मधु + अद्. जोडणी हुबेहूब तीच, फक्त तिथे पक्षी आहेत, अस्वल नाही.

## दोन 'ए' आणि एक हरवलेला फरक

या शब्दातला मला सर्वांत आवडणारा भाग हा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

युक्रेनियन 'वेदमीद' आणि क्रोएशियन 'मेदव्येद' पुन्हा बघा. मधाच्या भागातला स्वर साधा 'ए' राहिलाय, पण खाण्याच्या भागातला स्वर एका भाषेत 'ई' झालाय आणि दुसरीत 'ये'. म्हणजे ते दोन स्वर मुळात वेगळे होते. पहिला आखूड, दुसरा लांब. पण का?

उत्तर मराठी माणसाच्या कानाला सहज कळेल असं आहे. मधु या शब्दात 'ध' आहे, अद् मध्ये 'द'. आद्य इंडो-युरोपीय भाषेत हा फरक होता आणि संस्कृतने तो जपला. बाल्टिक आणि स्लाव्हिक भाषांनी तो घालवला. त्यांच्यात 'ध'चाही 'द'च झाला. मात्र फरक पुसला जाण्याआधी एक खूण मागे राहिली. साध्या 'द'च्या आधीचा स्वर लांबला, 'ध'च्या आधीचा लांबला नाही. १९७०च्या दशकात वेर्नर विंटर या जर्मन अभ्यासकाने हे मांडलं, म्हणून याला विंटरचा नियम म्हणतात.

नियम चालतो का ते तपासू. संस्कृत सद्, बसणे, इथे 'द' आहे. लिथुएनियनमध्ये बसण्याच्या क्रियापदात लांब स्वर. संस्कृत वधू, इथे 'ध'. लिथुएनियनमध्ये 'नेणे, बायको करून नेणे' या अर्थाच्या 'वेदू' मध्ये स्वर आखूड. आणि *मेद्वेदि या एकट्या शब्दात दोन्ही एकदम: 'ध'चा आखूड, 'द'चा लांब. ज्या भाषेत 'ध' ऐकूच येत नाही, तिथे तो कुठे होता हे स्वर सांगतो.

नियमाला अपवाद आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अपवाद नेमके पाणी आणि आग. संस्कृत उदक मध्ये 'द' आहे, म्हणजे रशियन 'वोदा' मध्ये लांब स्वराची खूण हवी होती, ती नाही. हाच नियम 'ग' आणि 'घ' यांनाही लागतो, पण अग्नीच्या स्लाव्हिक भावंडातही स्वर आखूडच आहे. जवळ 'न' असेल तर नियम थांबतो, असं त्यावर एक स्पष्टीकरण दिलं जातं: अग्नीत 'न' आहेच, आणि लिथुएनियनमध्ये पाण्याला 'वांदुओ' म्हणतात. सगळ्यांना ते मान्य नाही.

## 'मेद-वेद' म्हणजे मध जाणणारा, असं का नको?

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो मूर्खपणाचा मुळीच नाही. स्लाव्हिक भाषांमध्ये 'वेद्' म्हणजे जाणणे असा धातू खरंच आहे. चेक भाषेत विज्ञानाला 'व्येदा' म्हणतात आणि आपल्या 'वेद' या शब्दाशी त्याचं रक्ताचं नातं आहे. मग मेदवेद म्हणजे मध कुठे आहे हे जाणणारा, हा अर्थ गोडच लागतो. खुद्द रशियन लोकही तो हौसेने सांगतात.

अडचण 'उ'ची आहे. शब्दात 'व' एकच आहे. तो 'वेद्'चा मानला तर 'मेदु' मधला 'उ' गेला कुठे, याचा हिशेब द्यावा लागतो. मेदु + एद् मध्ये काहीच हरवत नाही आणि काहीच उसनं आणावं लागत नाही. शिवाय मध आणि खाणे यांची हीच जोडी वेदात स्वतंत्रपणे सापडते.

झालं असं की कालांतराने 'उ'चा 'व' झाल्यावर बोलणाऱ्यांना शब्दातलं 'एद्' ऐकू येईनासं झालं. त्यांना 'मेद' आणि 'वेद' असे दोन तुकडे ऐकू येऊ लागले. एकदा असे दोन सुटे तुकडे वाटले की त्यांच्या सुरुवातीच्या व्यंजनांची अदलाबदलही होऊ शकते, आणि युक्रेनियनने नेमकं तेच केलं.

रशियन लोक आपला जुना शब्द किती विसरले याचा एक मजेदार पुरावा आहे. आफ्रिकेत आणि आपल्याकडेही आढळणारा, इंग्रजीत ज्याला हनी बॅजर म्हणतात तो प्राणी. त्याला रशियनमध्ये नाव दिलं 'मेदोयेद', अर्थ मध-खाऊ. तेच दोन शब्द पुन्हा जोडले, फक्त या वेळी नव्या पद्धतीने, मध्ये 'ओ' घालून.

## मग हा शब्द संस्कृतातूनच गेला ना?

नाही. 'मधु' आणि 'मेदुस' यांतला स्वर बघा. आपल्याकडे 'अ', त्यांच्याकडे 'ए'. ग्रीकमध्येही 'ए' आहे. शब्द संस्कृतातून गेला असता तर इतक्या ठिकाणी, तोही नेमका हव्या त्या जागी, 'ए' उगवला कसा?

उलट दिशेचा पुरावा मात्र संस्कृतच्या पोटातच आहे. 'कृ' धातूचं परोक्ष भूतकाळाचं रूप 'चकार' होतं. धातूतलं पहिलं व्यंजन दुहेरी करायचं असेल तर 'ककार' व्हायला हवं होतं. 'च' कुठून आला? कारण त्या पहिल्या अक्षरात पूर्वी 'ए' होता. 'ए'च्या शेजारी 'क'चा 'च' झाला, आणि मग त्या 'ए'चाही 'अ' झाला. स्वर बदलला पण 'च' मागे उरला. १८७०च्या दशकात हे लक्षात आलं, आणि तोवर संस्कृतचे स्वरच सर्वांत जुने मानणाऱ्या युरोपियन पंडितांनाही मत बदलावं लागलं.

तेव्हा नातं बहिणींचं आहे. संस्कृतने 'द-ध' सांभाळले आणि 'ए' घालवला. लिथुएनियनने 'ए' सांभाळला आणि 'ध' घालवला.

## 'हा सगळा अंदाजच की!'

रूप हिशेबाने काढलं असेल तर ते चुकीचं ठरायची सोय असायला हवी. पुनर्रचनेला ती आहे, आणि अस्वलाच्याच बाबतीत तसं एकदा होऊन गेलंय.

अस्वलाचा जुना शब्द दक्षिणेकडच्या शाखांनी जपला. संस्कृत ऋक्ष, रामायणातला जांबवान हा ऋक्षराज. ग्रीक आर्क्तोस, लॅटिन उर्सुस, वेल्श आर्थ. (उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशाला आर्क्टिक म्हणतात ते तिथल्या पांढऱ्या अस्वलांवरून नव्हे, आकाशातल्या अस्वलावरून. ग्रीकांनी सप्तर्षींच्या तारकांना अस्वल मानलं. शतपथ ब्राह्मणातही सप्तर्षींना पूर्वी 'ऋक्ष' म्हणत असं सांगितलंय.) मराठीतल्या 'अस्वल'चं मूळ प्राकृतातल्या 'अच्छभल्ल'कडे नेलं जातं, आणि त्यातला 'अच्छ' म्हणजे हाच ऋक्ष.

संस्कृतात 'क्ष', ग्रीकमध्ये 'क्त'. हे कसं जुळवायचं? एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांनी 'क'नंतर एक खास वेगळा ध्वनी होता असं मानून प्रश्न मिटवला. पुढे १९१५ साली बेद्रझिख ह्रोझ्नी या चेक अभ्यासकाने हित्ती भाषेचा उलगडा केला. आजच्या तुर्कस्तानात सापडलेल्या, तीन हजारांहून अधिक वर्षं जुन्या मातीच्या पाट्यांवरची ही भाषा. तिच्यात एका हिंस्र प्राण्याचं नाव आहे 'हर्तग्ग', आणि ते अस्वलच असावं असं मानलं जातं. इथे 'त' आधी आणि 'क-ग' नंतर! 'पृथ्वी' या अर्थाच्या हित्ती आणि तोखारियन (मध्य आशियातली, आता लुप्त झालेली शाखा) शब्दांतही तोच क्रम दिसला. मग तो खास ध्वनी रद्द करण्यात आला आणि मुळात 'त्क' होतं असं ठरलं. संस्कृत-ग्रीकमध्ये क्रम उलटला होता.

पण त्याच शब्दाच्या सुरुवातीला असलेला 'ह' ही त्याहून मोठी गोष्ट. फेर्दिनाँ द सोस्यूर या एकवीस वर्षांच्या स्विस विद्यार्थ्याने १८७०च्या दशकाअखेरीस केवळ स्वरांच्या हिशेबावरून लिहिलं होतं की या भाषेत असे काही ध्वनी असले पाहिजेत जे आता कुठल्याच भाषेत उरलेले नाहीत. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९२७ साली पोलिश अभ्यासक येर्झी कुरिवोविच याने दाखवून दिलं की सोस्यूरने सांगितलेल्या जागी हित्तीत खरोखर 'ह' लिहिलेला आहे. म्हणजे एका चांदणीने एकाच वेळी एक हार खाल्ली आणि एक पैज जिंकली.

## भीतीची गोष्ट

आता ज्यावरून सगळे बोलतात त्याकडे. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये याने १९०६ साली मांडलं की ग्रीक, लॅटिन, संस्कृतने जुना शब्द ठेवला, पण उत्तरेकडच्या स्लाव्हिक, बाल्टिक, जर्मानिक (इंग्रजी, जर्मन यांची) शाखांनी टाकला, तो नाव न घेण्याच्या प्रथेमुळे. उत्तरेच्या जंगलात शिकाऱ्याची अस्वलाशी रोज गाठ. नाव घेतलं तर ते ऐकेल आणि येईल.

आपल्याला हे समजायला त्रास पडत नाही. कोकणात, देशावर, दिवेलागणीनंतर अजूनही 'साप' म्हणत नाहीत. 'जनावर' म्हणतात, 'लांबडं' म्हणतात. उत्तर युरोपातही अशाच प्रथांच्या भरपूर नोंदी आहेत. फिनिश भाषा वेगळ्याच कुळातली, पण तिथेही अस्वलाला 'मेसिक्याम्मेन' असं लाडाचं नाव आहे, मधाच्या पंजाचा. रशियन लोककथांत मेदवेदालाही पुष्कळदा माणसाचं नाव देतात. मिखाइलो पोतापिच म्हणतात, नाहीतर मीशा. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकचं बोधचिन्ह असलेलं पिल्लू मीशाच होतं.

तरीही मला तीन गोष्टी खटकतात. पहिली, शब्द बदलायला भीती लागतेच असं नाही. मराठीत 'अश्व' जाऊन 'घोडा' आला, 'श्वान' जाऊन 'कुत्रा' आला. त्यांना कोण घाबरत होतं? दुसरी, नाव टाळल्याने ते नाहीसं होतंच असंही नाही. रात्री लांबडं म्हणणारा माणूस दिवसा खुशाल साप म्हणतो. नाव पुरतं जायचं तर एका पिढीतल्या मुलांच्या कानावर ते पडणंच बंद व्हायला हवं. (गंमत म्हणजे 'सर्प' हेदेखील 'सरपटणारा' असं वर्णनच आहे, सापाचा त्याहून जुना शब्द 'अहि'.) तिसरी, वेल्श. वेल्सही उत्तरेलाच, तिथेही अस्वलं होती, पण 'आर्थ' जागचा हलला नाही.

इंग्रजी 'बेअर' हा शब्द 'तपकिरी' यावरून आला असं पुस्तकांत छापलेलं असतं. 'रानटी जनावर' या अर्थाच्या मुळाशी तो जोडणारेही आहेत. तेव्हा तोही म्हणावा तितका भक्कम साक्षीदार नाही.

## आणि लिथुएनियन अस्वल?

बाल्टिक भाषांत 'मेदवेद' नाहीच. लिथुएनियनमध्ये 'लोकीस', लाटव्हियनमध्ये 'लात्सिस'. (लिथुएनियनमध्ये 'मेश्का'ही म्हणतात, पण तो स्लाव्हिक शेजाऱ्यांकडून घेतलेला.) मधाचा शब्द समान, खाण्याचा समान, पण अस्वल वेगळं. यावरून 'मध खाणारा' हे नाव दोन गट वेगळे झाल्यावर स्लाव्हिक बाजूला पडलं असावं. उलट, ते आधीचं होतं आणि बाल्टिक लोकांनी टाकलं, हेही शक्य आहे, पण तसा कुठलाही अवशेष दाखवता येत नाही.

त्याहून जुन्या शब्दाचा अवशेष मात्र आहे. लिथुएनियनमध्ये अस्वलाच्या गुहेला 'इर्श्त्वा' म्हणतात. संस्कृत 'ऋ'च्या जागी लिथुएनियनमध्ये 'इर' येतो, जसं हृद् आणि 'शिर्दिस', मृति आणि 'मिर्तिस'. त्याच भाषेत जुन्या 'क'चा 'श' होतो, जसं लॅटिन 'केंतुम' आणि लिथुएनियन 'शिम्तास', शंभर. म्हणजे 'इर्श' हे ऋक्षाचं अगदी नियमाने येणारं लिथुएनियन रूप ठरतं.

'लोकीस'चं मूळ शोधायला प्रशियन मदतीला येते. एल्बिंग गावाशी जोडलेला, साधारण १४०० सालच्या हस्तलिखितातला ८०२ शब्दांचा जर्मन-प्रशियन संग्रह आहे. त्यात अस्वल 'क्लोकिस' आहे. आणि जुन्या प्रशियन भूमीवरचं एका जागेचं नाव 'त्लोकुंपेल्क', म्हणजे अस्वलाची दलदल. त्यावरून मूळ *त्लाक- असं काहीतरी होतं, सुरुवातीचा 'त्ल' लिथुएनियनमध्ये नुसता 'ल' झाला आणि प्रशियन संग्रहात 'क्ल', एवढं नीट बसतं. पुढे काही जण त्याला क्रोएशियन 'द्लाका', म्हणजे केस, याच्याशी जोडतात. मग अर्थ 'केसाळ' असा निघतो आणि भीतीच्या गोष्टीला आणखी एक टोपणनाव मिळतं. पण तिथे 'द' आहे, इथे 'त'. पुढच्या 'क'च्या प्रभावाने 'द'चा 'त' झाला असं म्हणता येतं, फक्त ते या एका शब्दापुरतंच म्हणावं लागतं, आणि अशी एकाच गिऱ्हाइकाला दिलेली सूट हिशेबात धरत नाहीत. तोवर लिथुएनियन अस्वलाला भीतीच्या बाजूने साक्षीला उभं करता येत नाही.